गल्लीचा सेक्रेटरी कुठून येतो?

चेन्नईत वसाहतीच्या किंवा गल्लीच्या रहिवासी संघाला ‘कुडियिरुप्पोर नल संगम’ म्हणतात. अण्णानगरपासून वेलाचेरीपर्यंत असे अनेक संगम आहेत, आणि त्यांच्या वार्षिक सभेतला एक क्षण बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. अहवाल वाचून झालेला असतो, हिशेबाला मंजुरी मिळालेली असते आणि विषयपत्रिकेवर नव्या कार्यकारिणीचा विषय येतो. आतापर्यंत टँकरच्या पाण्यावरून तावातावाने बोलणारी माणसे एकदम गप्प होतात. कोणी मोबाइल बघू लागते, कोणी घरी पाहुणे आल्याचे सांगून उठते. शेवटी मागच्या रांगेतून आवाज येतो, “सारच राहू देत.” टाळ्या पडतात आणि बँकेतून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले सत्तरीचे सेक्रेटरी आणखी एका मुदतीसाठी तीच फाइल काखोटीला मारून घरी जातात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत राहणाऱ्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे ‘सार’च्या जागी ‘काका’ असतात, एवढाच फरक.

या शांततेचे एक तयार स्पष्टीकरण असते: हल्लीच्या पिढीला शेजारपाजारचे काही पडलेले नाही. मला हे निदान चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा चेन्नईनेच दिलेला आहे. १ डिसेंबर २०१५ रोजी तांबरमला एका दिवसात सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, अड्यार नदी काठ सोडून वसाहतींत शिरली, आणि त्या आठवड्यात शहरातली हजारो तरुण मुले-मुली कोणाच्याही आदेशाविना कामाला लागली. होड्या मिळवणे, जेवणाची पाकिटे पोचवणे, अडकलेल्यांच्या पत्त्यांच्या याद्या तासातासाला दुरुस्त करणे ही कामे त्यांनी केली. २०२० मध्ये महापालिकेने विलगीकरणातल्या कुटुंबांना किराणा आणि औषधे पोचवायला स्वयंसेवक नेमले, तेव्हाही तरुण पुढे आले. कमरेएवढ्या पाण्यातून जेवण नेणारी ही माणसे सभेच्या खुर्चीवर मात्र दिसत नाहीत. शहर तेच, पिढी तीच. मग फरक कामाच्या स्वरूपातच असला पाहिजे. पुरातले काम नेमके होते, त्याला सुरुवात आणि शेवट होता आणि संध्याकाळी त्याचे फळ दिसत होते. सेक्रेटरीपदात यातले एकही नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, संगमांना माणसांची टंचाई नाही. त्यांनी नेतृत्वाचे काम एकाच गाठोड्यात असे बांधून ठेवले आहे की ते उचलायला कोणी वाकत नाही. आधी नेता शोधून मग त्याच्यावर काम सोपवायचे, हा क्रमच उलटा आहे.

या गाठोड्यात काय काय असते ते उघडून पाहण्यासारखे आहे. पाणी आणि मलनिस्सारण यांसाठी ‘मेट्रोवॉटर’ हे वेगळे मंडळ. दिवे, कचरा, पावसाळी गटारे यांसाठी महापालिका आणि तिचा १९१३ हा तक्रार क्रमांक. विजेची कंपनी निराळी, वाहतूक पोलिस निराळे. शिवाय तामिळनाडूच्या १९७५ च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सभासदांची नोंदवही, वार्षिक सभा, हिशेब आणि कार्यकारिणीतला प्रत्येक बदल निबंधकाला कळवण्याची जबाबदारी. त्यात २०११ मध्ये शहराची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक न्यायालयात अडकली, आणि थेट फेब्रुवारी २०२२ पर्यंत चेन्नईला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. पाच वर्षांहून अधिक काळ, ज्या तक्रारी नगरसेवकाच्या दारात जायच्या त्या संगमाच्या सेक्रेटरीच्या फोनवर येत राहिल्या. रात्री अकराला मॅनहोल तुंबले की फोन, पहाटे टँकर आला नाही की फोन. दिवसभर ओएमआर या आयटी पट्ट्यातल्या कंपनीत काम करून येणारा पस्तिशीचा माणूस हे पाहतो आणि सभेत खाली मान घालतो. त्याला बेपर्वा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने हिशेब नीट केलेला असतो.

हा हिशेब अर्थशास्त्रात जुना आहे. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले की, फायदा सगळ्यांना आणि कष्ट एकट्याला अशी मांडणी असेल तर शहाणा माणूस दुसऱ्याची वाट पाहतो, आणि गट जितका मोठा तितकी ही वाट पाहणी लांबते. गल्लीतला दिवा लागला तर उजेड सगळ्यांच्या दारात पडतो, पाठपुरावा मात्र एकाचाच. ऑल्सन यांच्या मांडणीतून निघणारी वाटही तिथेच आहे: गट लहान करा आणि कष्टाचा वाटा लहान करा. चेन्नईने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला होता.

१९८९ मध्ये बँक अधिकारी एम. बी. निर्मल यांनी मद्रासमध्ये ‘एक्स्नोरा’ ही संस्था सुरू केली. त्या वेळी रस्त्याच्या कोपऱ्यावरची कचराकुंडी ओसंडून वाहत असे आणि घरोघर कचरा गोळा करण्याची पद्धत जवळपास नव्हतीच. एक्स्नोराने संपूर्ण वसाहतीची संघटना बांधायचा नाद सोडला आणि एकक धरले गल्लीचे, म्हणजे पाऊणशे ते शंभर घरे. त्याला नाव दिले ‘सिव्हिक एक्स्नोरा’. गल्लीने एक तीनचाकी सायकलगाडी घ्यायची, पूर्वी कचरा वेचणाऱ्यांपैकीच एकाला पगारावर ठेवायचे, घरटी महिन्याला दहा-वीस रुपये गोळा करायचे. त्या माणसाला ‘स्ट्रीट ब्यूटिफायर’ म्हणायचे. झाडूवाला म्हणायचे नाही. सकाळी तो दारोदार फिरायचा आणि गाडी महापालिकेच्या कुंडीपर्यंत नेऊन रिकामी करायचा. पुढचे काम पालिकेचे. यात गल्लीच्या सेक्रेटरीला करायचे काय होते? पैसे गोळा करायचे, पगार द्यायचा, गाडीचे चाक मोडले तर दुरुस्त करून घ्यायचे, आणि गाडी आली नाही तर का आली नाही ते पाहायचे. काम रोज नजरेसमोर घडे. चुकले तर दुपारी कळे, जमले तर गल्लीच सांगे. नव्वदीच्या दशकात शहरात अशा शेकडो गल्ल्या उभ्या राहिल्या, म्हणजे तितकेच अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी सभा चालवलेली नसणार. ‘आमच्याकडे पुढे यायला कोणी नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीने या आकड्याकडे बघावे. नेतृत्वगुण असलेली शेकडो माणसे एकाएकी त्या दशकात जन्मली नव्हती; त्यांना पेलेल एवढे काम त्यांच्या दाराशी आले होते.

याच गोष्टीचा उत्तरार्धही तितकाच बोलका आहे. २००० मध्ये महापालिकेने शहरातल्या तीन झोनमधला कचरा उचलण्याचे काम ‘ऑनिक्स’ या खासगी कंपनीला दिले, कंपनीची माणसे दारापर्यंत येऊ लागली, आणि अनेक सिव्हिक एक्स्नोरांच्या गाड्या थांबल्या. गाडी थांबली तसा संगमही विझत गेला. लोकांचा उत्साह ओसरला, असे याचे वर्णन करता येईल. पण उत्साह कशाच्या आधाराने टिकला होता हे त्यात सांगितले जात नाही. ज्या गल्ल्यांनी कचऱ्याचे काम गेल्यावर दुसरे काही हाती घेतले, म्हणजे खत करणे, झाडे लावणे किंवा पावसाचे पाणी जिरवणे, तिथे माणसे उरण्याचे कारण होते. दक्षिणेकडच्या पम्मलमध्ये शंकरनगरातल्या बायकांनी १९९४ मध्ये आपल्या महिला मंडळातून कचऱ्याचे काम सुरू केले. त्या पुढे खतनिर्मितीत उतरल्या, आणि त्यातून ‘एक्स्नोरा ग्रीन पम्मल’ ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. त्यांना कोणी आधी पदाधिकारी म्हणून निवडले नव्हते. कचरा साचत होता, त्यांनी तो उचलायला घेतला, आणि पदे नंतर आली.

मुंबईतही हेच घडले होते. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदीच्या उत्तरार्धात आपली गल्ली आपणच नीट ठेवायला घेतली, आणि त्या नमुन्यावर महापालिकेने १९९७ मध्ये ‘एएलएम’ म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना आखली. इथेही एकक गल्लीचेच होते. जिथे एएलएम पुढे नुसते तक्रारी लिहिण्याचे मंडळ झाले तिथे मरगळ आली, आणि जिथे ओला कचरा आवारातच जिरवण्यासारखे हाताने करायचे काम उरले तिथे जान राहिली, असे मला दिसते. तक्रार लिहायला एक माणूस पुरतो, आणि तो बहुधा आधीपासूनच असतो. खताच्या खड्ड्याला दहा जण लागतात, आणि त्या दहांत पुढचा सेक्रेटरी असतो.

अलीकडचे उदाहरण चितलपाक्कमचे. चेन्नईच्या दक्षिण टोकाला असलेल्या या उपनगराचा तलाव सांडपाण्याने आणि कचऱ्याने भरलेला होता. २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोलावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय आटले आणि शहर टँकरवर आले. त्या उन्हाळ्यात ‘चितलपाक्कम रायझिंग’ या गटाने लोकांना तलावात उतरून गाळ-कचरा काढायला बोलावले. सुट्टीच्या दिवशी आयटीत काम करणारे, विद्यार्थी, गृहिणी फावडी घेऊन आले. पुढे राज्य सरकारने तलावाच्या पुनरुज्जीवनासाठी २५ कोटी रुपये मंजूर केले. जी माणसे ‘तुम्ही सेक्रेटरी व्हाल का?’ या प्रश्नाला नक्की नाही म्हणाली असती, ती ‘रविवारी सहाला तलावावर याल का?’ याला हो म्हणाली. आणि तीन-चार रविवारांनंतर फावडी कोण मोजून ठेवतो, पालिकेच्या इंजिनिअरशी कोण न चिडता बोलतो, नवख्याला कोण सामावून घेतो, हे सगळ्यांना दिसलेले असते. मतपत्रिकेवरच्या नावाने यातले काहीही कळत नाही.

‘याल का?’ हा प्रश्न कोण विचारतो आणि कसा, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत नव्वदीच्या दशकात झालेल्या मोठ्या पाहण्यांत वारंवार एकच दिसले: ज्यांना कोणी समोर येऊन विचारले, ते न विचारलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात स्वयंसेवेला तयार झाले. सूचनाफलकावरचे ‘इच्छुकांनी नावे द्यावीत’ हे विचारणे नव्हेच, कारण ते कोणालाच उद्देशून नसते. चेन्नईचे शेखर राघवन यांनी नव्वदीच्या दशकात बेझंटनगरच्या किनारपट्टीत घरोघर जाऊन पावसाचे पाणी जमिनीत जिरवा, नाहीतर विहिरींत समुद्राचे पाणी शिरेल, असे सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला ऐकणारे थोडे होते. २००२ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून ‘रेन सेंटर’ उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी राज्याने प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. कायदा सरकारने केला हे खरे, पण दारावरची थाप आधीची होती. संगमाच्या सेक्रेटरीनेही वर्षातून पंधरा दारांवर असे जावे आणि नाव घेऊन, काम सांगून, किती दिवसांचे ते सांगून विचारावे. ‘तुम्ही हिशेबात पक्के आहात, एप्रिल ते जूनपर्यंत टँकरचा हिशेब बघाल का?’ या वाक्यात माणसाची पारख आहे, कामाची हद्द आहे, आणि नाही म्हणायचीही सोय आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अनुभवाचा. जुन्या सेक्रेटरीला मेट्रोवॉटरच्या कार्यालयातला प्रत्येक टेबल माहीत असतो. त्याला हलवले तर वसाहतीचे नुकसान होईल, असे म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही. पण रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये युरोपातल्या कामगार पक्षांचा अभ्यास करून दाखवून दिले की, लोकशाहीच्या नावाने उभ्या राहिलेल्या संघटनाही मूठभरांच्या हाती का जातात: माहिती त्यांच्याकडे साठते, आणि साठलेली माहितीच त्यांना अपरिहार्य ठरवते. म्हणजे सेक्रेटरीचा अनुभव जितका मोठा आणि जितका फक्त त्याच्या डोक्यात, तितकी वसाहत दुबळी. त्याला अचानक आजारपण आले तर काय, हा प्रश्न वसाहतीने आधीच विचारायला हवा. तामिळनाडूचा कायदा कार्यकारिणीची मुदत तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवू देत नाही, महाराष्ट्रात सहकारी सोसायट्यांना पाच वर्षे आहेत. पण दोन्हीकडे तोच माणूस पुन्हा निवडून येऊ शकतो, आणि येतोच. म्हणून सलग दोन मुदतींनंतर एक मुदत बाहेर, असा नियम संगमाने आपल्याच उपविधीत घालावा. जाणाऱ्याला घरी बसवायचे नाही. एक वर्ष त्याने सल्लागार म्हणून बैठकीला यावे, टेबलांची ओळख करून द्यावी. अनुभव त्याच्याकडे असतानाच तो वाटून घेतला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: पगारी व्यवस्थापक नेमा, स्वयंसेवकांची गरजच काय? मोठ्या संकुलांत लिफ्ट, पंप, पहारा यांसाठी व्यवस्थापक हवाच, आणि सेक्रेटरीच्या गाठोड्यातला तो भाग निघून गेला तर उत्तमच. पण व्यवस्थापक तुमच्या वतीने नाही म्हणू शकत नाही. समोरच्या मैदानावर टॉवर येणार असेल, शेजारच्या वस्तीचे नळ बंद करून आपल्याला पाणी मिळणार असेल, तर काय भूमिका घ्यायची हे पगारी माणसाने ठरवायचे नसते. ऑनिक्सनंतर सिव्हिक एक्स्नोरांचे जे झाले ते या आक्षेपाचेच उत्तर आहे. सेवा विकत मिळाली. पण तिच्याभोवती जमलेली माणसे पांगली, आणि पुढच्या संकटाला ती पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हे सगळे मध्यमवर्गीय घरमालकांचे मंडळ आहे, ते कोणाच्या वतीने बोलते? भाडेकरूला अनेक संगमांत मत नसते. घरकाम करणाऱ्या, सफाई करणाऱ्या माणसांचा तर विषयही निघत नाही. केरन कोएल्हो आणि टी. वेंकट यांनी २००९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त चेन्नईतल्या रहिवासी संघटनांवर लिहिताना दाखवून दिले की, संघटना करणे ही सुखवस्तूंचीच मक्तेदारी नाही, शहरातल्या वस्त्यांतही संगम आहेत, आणि मध्यमवर्गाचे संगमही स्वतःला समजतात तितके राजकारणापासून दूर नसतात. हे मान्य केले तर नेतृत्वाच्या टंचाईचे एक कारण समोरच दिसते. भाडेकरूला मत नाही, सभा कामावर जाणाऱ्या बाईला जमणार नाही अशा वेळी, आणि शेजारच्या वस्तीतल्या माणसाला बोलावणेच नाही. निम्मी गल्ली वगळून उरलेल्यांत माणूस शोधला तर तो कसा सापडेल? २०२२ मध्ये चेन्नई महापालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव होत्या आणि प्रिया राजन या अठ्ठाविशीतल्या तरुणीने महापौरपद घेतले. वसाहतीच्या कार्यकारिणीत मात्र स्त्रियांच्या वाट्याला अजूनही बरेचदा सांस्कृतिक कार्यक्रमच येतात. सभासदत्व घरमालकीशी न बांधता वास्तव्याशी बांधणे, आणि पाणी व पैसा ही खाती बायकांकडेही देणे, हे मी केवळ न्यायाचे म्हणून सांगत नाही. माणसे शोधण्याचा याहून जवळचा मार्ग मला दिसत नाही.

सरकारनेही यात एक पाऊल टाकले आहे. तामिळनाडूने प्रभागांचे लहान विभाग पाडून ‘एरिया सभा’ सुरू केल्या. १ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या पहिल्या सभांपैकी एकीला मुख्यमंत्री स्टॅलिन पम्मलमध्ये स्वतः बसले होते, म्हणजे जिथे अठ्ठावीस वर्षांपूर्वी बायकांनी कचरा उचलायला घेतला त्याच गावात. एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक साधनांच्या ज्या अभ्यासासाठी, त्यात त्यांनी अशा एकात एक बसणाऱ्या थरांवर भर दिला होता: गल्लीचे गल्लीत, तलावाचे तलावाच्या पातळीवर, नदीचे शहराच्या. पण या सभांचे प्रतिनिधी वरून नेमले जातात. नेमलेला माणूस नेमणाऱ्याकडे बघतो, म्हणून खाली गल्लीत कामातून तयार झालेली माणसे नसतील तर एरिया सभा म्हणजे निवेदने गोळा करण्याची आणखी एक जागा होईल.

संगमाच्या नेतृत्वात बदल खरोखर झाला की नाही, हे एका साध्या कागदावर कळते. संगमाचे बँक खाते दोघांच्या सहीने चालते आणि अनेक ठिकाणी नवी कार्यकारिणी निवडून आल्यावरही चेकवर जुन्याच सह्या चालू राहतात, कारण ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि बँकेचा फॉर्म घेऊन शाखेत जायला कोणाला वेळ झालेला नसतो. मग नवा सेक्रेटरी पंप दुरुस्तीच्या चार हजारांसाठीही जुन्याच्या दारात उभा राहतो आणि सहा महिन्यांत राजीनामा देतो. वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची प्रत सभा संपतानाच लिहून, सह्या घेऊन तयार ठेवावी, आणि पुढच्या सोमवारी सकाळी जुने व नवे असे चौघे मिळून बँकेत जावे.